थकवा म्हणजे आळस नव्हे

मैत्रिणींनो, ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ हा मज्जासंस्थेचा आजार. विशी ते चाळिशीत सुरू होणारा, आणि बायकांत अधिक. वरून धडधाकट दिसणारी बाई दुपारपर्यंत पार गळून जाते. मग घरचे म्हणतात, ‘आळशी झालीय!’ दुखण्याइतकंच हे बोलणंही तिला छळतं. आपल्या उलव्याच्या दमट उकाड्यात नजर अंधुक होते, पाय लटपटतात. अंग थंड झालं की बहुधा उतार पडतो. म्हणून स्वयंपाक सकाळच्या गारव्यात उरकावा, भाजी बसून चिरावी, मधेच जरा पडावं. त्रास दिवसभर ओसरला नाही, तर डॉक्टरांना कळवावं. २०१६ च्या कायद्याने हा आजार दिव्यांगत्वात धरला आहे. औषध डॉक्टर देतील. पोळ्या लाटायला मात्र घरच्यांनीच पुढे व्हायला हवं!