लिंबाचा पाला, स्टेरॉइडची ट्यूब आणि आपली पोरं

दहावीतली भाची परवा घरी आली. चेहरा लालबुंद, कातडी पातळ पडलेली, गालावर लव वाढलेली. विचारलं तर म्हणाली, "मामा, मोबाईलवर जाहिरात बघून पिंपल्सला लिंबाच्या अर्काची बाटली लावली. फरक पडला नाही म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणली. पहिले आठ दिवस एकदम मस्त वाटलं." ट्यूब बघितली. बारीक अक्षरात स्टेरॉइड. चिठ्ठी कुणी मागितली नाही, बिल कुणी दिलं नाही.

आता दोघांनाही बोलतो. राग आला तरी चालेल.

आधी बाटलीवाले. लिंबाच्या पाल्याने जंतू मरतात हे खोटं नाही. पण कुठे मरतात? प्रयोगशाळेत बऱ्याचदा अल्कोहोलमध्ये अर्क काढतात, काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंवर टाकतात आणि भोवती किती मिलिमीटर जागा साफ झाली ते मोजतात. बशी म्हणजे गाल नव्हे! पिंपल्सचे जंतू केसाच्या मुळाशी, तेलकट छिद्रात, हवा पोचत नाही तिथे राहतात. शिवाय जंतू हे एकच कारण. जास्तीचं तेल, बुजलेलं छिद्र आणि आतली सूज ही आणखी तीन.

पानांचं औषध तपासता येत नाही असंही नाही. ऑस्ट्रेलियात टी ट्री झाडाच्या पानांचं तेल १९९० मध्ये १२४ रुग्णांवर तपासलं. समोर होतं बेन्झॉइल पेरॉक्साइड, दोन्ही ५ टक्क्यांचे. फोड दोन्हींनी कमी झाले. तेलाचा गुण उशिरा आला, पण जळजळ-कोरडेपणाचा त्रास कमी झाला. असा हिशेब मांडा, मी स्वतः बाटली विकत घेतो. नुसतं "आजीचा बटवा" छापून भागणार नाही. आजी पाला फुकट द्यायची.

आता मेडिकलवाले. २०१८ मध्येच केंद्राने त्वचेची स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी चॉकलेटसारखी ट्यूब हातात ठेवता? आधी लाली दबते, चेहरा उजळतो. ट्यूब सोडली की दुप्पट फोड. मग पोरगी परत तुमच्याच काउंटरवर.

याच औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो होतेय. २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. अब्जावधी वर्षांपूर्वी आदळलेल्या कृष्णविवरांची थरथर आपल्या शिवारात मोजली जाणार. आणि पोरीच्या गालावर कोणतं औषध गेलं, त्याचं साधं बिल मिळत नाही!

मागणी साधी आहे. अन्न व औषध प्रशासनाने दुकानांची बिलबुकं तपासावीत. ग्रामीण रुग्णालयात ठरल्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञ बसवावा. आणि आई-बापांनो, पोरांच्या कंपासपेटीतली ट्यूब एकदा उलटून वाचा. स्टेरॉइड निघालं तर रागावू नका, स्वतःच्या मनाने बंदही करू नका. ट्यूब घेऊन डॉक्टर गाठा.

लिंब आपल्या दारातला आहे, त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या नावावर दुकान मांडणाऱ्यांवर आहे. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. मी इथंच आहे.