पियानोवरचे नाव विकताना

नोव्हेंबर १९१६. लंडनच्या विग्मोर स्ट्रीटवरील एक संगीतगृह, त्याला लागून असलेली विक्रीदालने आणि १३७ पियानो अशी सारी मालमत्ता ५६,५०० पौंडांना लिलावात गेली. घेणारी पेढी होती डेबेनहॅम्स, म्हणजे कापडचोपडाचा व्यापार करणारी. संगीतगृहाचे नाव होते बेखश्टाइन हॉल. १९०१ साली तेथे उद्घाटनाला बुसोनी आणि इझाये वाजवून गेले होते. पंधरा वर्षांत महायुद्धाने ते नाव शत्रूचे ठरवले. १९१७ साली तीच वास्तू विग्मोर हॉल म्हणून पुन्हा उघडली आणि आजही ती त्याच नावाने गाजते आहे.

शंभर वर्षांपूर्वीचा बेखश्टाइन बेबी ग्रँड विकायला निघतो, तेव्हा जाहिरातीत या लिलावाला सहसा जागा नसते. तेथे वारसा १८५३ साली सुरू होतो आणि लिस्टपाशी येऊन थांबतो.

तो भाग खोटा नव्हे. कार्ल बेखश्टाइनने १८५३ साली बर्लिनमध्ये कारखाना काढला. (स्टाइनवे न्यूयॉर्कला आणि ब्लुथ्नर लाइपझिगला, दोघांचाही जन्म त्याच वर्षीचा.) लिस्टच्या घणाघाती वादनापुढे जुन्या घडणीचे नाजूक पियानो टिकत नसत. १८५७ साली लिस्टचा शिष्य आणि पुढे जावई झालेला हान्स फॉन ब्यूलो याने बर्लिनमध्ये गुरूच्या बी मायनर सोनाटाचे पहिले जाहीर वादन केले, ते बेखश्टाइनच्या ग्रँडवर. कीर्तीचा पाया तेथे पडला.

पण ती कीर्ती मैफलीच्या लांबलचक ग्रँडने कमावलेली आहे. बेबी ग्रँड दिवाणखान्यासाठी घडवला गेला. त्याची लांबी पाच फुटांच्या आसपास, त्यामुळे खर्जाच्या तारा आखूड आणि खर्ज तितकाच उथळ. थोरल्या भावाच्या पराक्रमावर धाकट्याचे मोल ठरवावे, तसाच हा प्रकार आहे. शिवाय पियानो म्हणजे व्हायोलिन नव्हे. दोनशेहून अधिक तारांचा कित्येक टनांचा ताण तो रात्रंदिवस सोसत असतो. शतकभरात ध्वनिफलकाला भेगा जातात, खुंट्या ज्या लाकडात रोवलेल्या असतात ते सैल पडते, आणि आज लावलेला सूर पुढच्या आठवड्यात उतरतो. तो पुन्हा उभा करण्याचा खर्च अनेकदा विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. आजोबांच्या पियानोवर घर फिटेल अशी आशा बाळगणाऱ्या वारसदारांना हे कोणीतरी आधीच सांगायला हवे. सोनेरी अक्षरांतले नाव सूर धरून ठेवत नाही.

वारशाचे पैसे घ्यायचेच असतील, तर वारसा संपूर्ण सांगावा. कार्लचा मुलगा एडविन याची पत्नी हेलेने बेखश्टाइन ही १९२०च्या दशकाच्या आरंभापासून हिटलरची उघड आश्रयदाती होती. बर्लिनचा कारखाना दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाला. १९६३ साली मालकी अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीकडे गेली आणि १९८६ साली कार्ल शुल्त्से यांनी ती पुन्हा जर्मनीत आणली. मग कोणता वारसा कोणत्या वाद्याचा? उत्तर वाद्यातच असते. आतल्या अनुक्रमांकावरून घडणीचे वर्ष काढता येते. १९०५च्या पियानोला हेलेनेच्या पापाचा डाग लावणे अन्यायाचे ठरेल. पण मग दीडशे वर्षांची अखंड परंपरा म्हणून त्याची किंमत चढवणेही तितकेच अन्यायाचे आहे. परंपरा सोयीपुरती अखंड आणि गैरसोयीपुरती खंडित, असे चालणार नाही.

सर्वांत मोठे मौन मात्र बोटांखालीच असते. ५२ पांढऱ्या पट्ट्या, बहुतेकींवर हस्तिदंताचे दोन पातळ तुकडे आणि त्यांच्या मध्ये केसासारखी रेघ. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातून हे दात माणसांच्या खांद्यांवरून किनाऱ्याला येत आणि झांझिबारहून जगभर पांगत. काही काळ मुंबई हे त्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. युरोपच्या दिवाणखान्यांतला हा शुभ्रपणा असा आलेला आहे. जाहिरातीत त्याचे वर्णन ‘मूळ हस्तिदंती पट्ट्या’ असे अभिमानाने केले जाते. ब्रिटनमध्ये २०२२च्या जूनपासून असा पियानो विकण्यापूर्वी त्याची सरकारी नोंदणी करावी लागते. वाद्य १९७५पूर्वीचे हवे आणि हस्तिदंत त्याच्या एकूण आकारमानाच्या वीस टक्क्यांहून कमी हवे.

कटकट नको म्हणून काही विक्रेते त्या पट्ट्या खरवडून प्लॅस्टिक बसवतात. त्यानंतर फळीवर सोनेरी अक्षरे तशीच झळकत राहतात, आणि जाहिरातीतला लिस्टही जागचा हलत नाही.