आधी मढच्या संगणकावर चालवून पाहा

गणिताचं उत्तम सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं, तरी आमच्या भागातल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यापर्यंत ते पोचत नाही. अडतं ते बसवण्यापाशी. सेजमॅथचंच पाहा. विल्यम स्टाइन या अमेरिकन गणितज्ञाने ते २००५ मध्ये सुरू केलं. मॅथेमॅटिका, मेपल, मॅग्मा, मॅटलॅब या परवान्याच्या सॉफ्टवेअरना मोफत पर्याय उभा करायचा, हा त्यांचा जाहीर हेतू. गट सिद्धांतासाठी गॅप, संख्या सिद्धांतासाठी पारी, कलनासाठी मॅक्झिमा अशी आधीपासूनची मोफत सॉफ्टवेअर त्यांनी पायथनच्या आधाराने एकत्र आणली. पण हा सगळा पसारा लिनक्सच्या अंगणात वाढला आणि आमच्या प्रयोगशाळेत, मुलांच्या घरात आहे विंडोज.

मी मूळची मढची. माळशेज घाटाच्या अलीकडे, पिंपळगाव जोगे धरणाजवळ आमचं गाव आहे. जुन्नर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी गणित शिकवते. उन्हाळी सुट्टीत प्रयोगशाळा सहायक आणि दुसऱ्या वर्षाची काही मुलं-मुली यांना बरोबर घेऊन मी सेजमॅथ कंटेनरच्या वाटेने डेस्कटॉपवर बसवून पाहिलं. मुद्दाम नवे संगणक आणले नाहीत. प्रयोगशाळेतले जुने डेस्कटॉप घेतले आणि मढमधल्या आमच्या घरचाही घेतला. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. शिक्षणासाठीचं सॉफ्टवेअर आधी अशाच संगणकांवर तपासलं पाहिजे आणि ती तपासणी आपण शिक्षकांनी अंगावर घेतली पाहिजे.

कंटेनर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. एखादं सॉफ्टवेअर चालायला लागणाऱ्या सगळ्या फाइली, लायब्ररी आणि सेटिंग एकत्र बांधून त्याची इमेज तयार करतात. गावाला निघालेला माणूस शिदोरी बांधून घेतो, वाटेत काय मिळेल याच्या भरवशावर राहत नाही, तसंच हे. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने ही पद्धत सर्वदूर नेली. संगणकाकडून कंटेनरला फक्त लिनक्सचा गाभा हवा असतो. विंडोजमध्ये तो नसल्यामुळे आत एक छोटं आभासी लिनक्स यंत्र उभं करावं लागतं. पूर्वी त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स लागायचं, आता विंडोजमधलं डब्ल्यूएसएल-२ ते काम करतं.

पहिली ठेच इथेच लागते. आभासी यंत्र चालवण्याची सोय प्रोसेसरमध्ये असते, पण कित्येक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्सच्या पानावर व्हर्च्युअलायझेशनपुढे ‘डिसेबल्ड’ असं दिसतं. संगणक सुरू होताना बायोसमध्ये शिरून एक पर्याय बदलला की काम होतं. पण पडद्यावर येतो तो इंग्रजीतला त्रुटीचा संदेश आणि एक क्रमांक. आमच्या एका विद्यार्थिनीला वाटलं, संगणकच बिघडला. हे इन्स्टॉलरने सुरुवातीलाच तपासायला हवं आणि काय करायचं ते साध्या शब्दांत सांगायला हवं.

दुसरी अडचण मेमरीची. चार जीबीच्या संगणकावर विंडोज, आभासी लिनक्स, सेजमॅथ आणि ब्राउझर एकदम उघडले की माउससुद्धा हलेना. आठ जीबीवर तेच काम सुरळीत झालं. म्हणून चार जीबीवाल्याला इन्स्टॉलरने आधीच सांगावं की, तुझ्यासाठी नुसतं मॅक्झिमा पुरे आहे. ते थेट विंडोजवर बसतं, हलकं आहे आणि पदवीचं कलन व बीजगणित त्यात होतं. एवढं एक वाक्य आधी कळलं तर विद्यार्थ्याची संध्याकाळ वाया जात नाही.

तिसरी अडचण इंटरनेट आणि वीज. सेजमॅथची इमेज काही जीबींची असते. डॉकर ती थरांमध्ये उतरवून घेतं. पूर्ण उतरलेला थर टिकतो, अर्धवट राहिलेला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते तेव्हा मोठा थर हमखास अर्ध्यावर तुटतो. यावर उपाय आहे आणि तो डॉकरमध्येच आहे. एका संगणकावर इमेज उतरवायची, ‘सेव्ह’ या आज्ञेने तिची एक फाइल करायची आणि पेन ड्राइव्हवरून बाकीच्या संगणकांत ‘लोड’ करायची. त्यातही एक मेख आहे. बाजारातले बरेच पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यांवर चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅटने फॉरमॅट केला की मावते. वेगवान इंटरनेटच्या कचेरीत बसून इन्स्टॉलर तपासणाऱ्याला हे सुचण्याचं कारणच नाही. आमच्याकडे मात्र सगळं काम याच्यावर अडतं.

आणखी दोन गोष्टी तपासायलाच हव्यात. एक म्हणजे नाव. आमच्या काही संगणकांवर वापरकर्त्याचं नाव देवनागरीत आहे, काहींवर नावात मोकळी जागा आहे. तेच नाव फोल्डरलाही लागतं आणि लिनक्सच्या मुशीतली अनेक जुनी अवजारं असल्या फोल्डरपाशी अडखळतात. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. कंटेनरच्या आत साठवलेलं काम कंटेनर काढून टाकला की जातं. विंडोजमधला एखादा फोल्डर आधी जोडून दिला तरच ते टिकतं. मुलाने तासभर बसून लिहिलेलं प्रात्यक्षिक दुसऱ्या दिवशी गायब झालं तर तो पुन्हा त्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाणार नाही. फोल्डर जोडण्याचं काम इन्स्टॉलरने न विचारता करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिथे हे सगळं जमलं तिथे पुढचा आनंद मोठा होता. तपासणीसाठी मी दोन गणितं ठेवली होती, दोन्ही आपल्या मातीतली. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ६१७४ ही संख्या गणितात अजरामर केली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, पुन्हा पुन्हा करा. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथेच येते. मुलांनी पायथनच्या काही ओळी लिहून सगळ्या संख्या पडताळल्या. दुसरं गणित भास्कराचार्यांचं. एका वर्गसंख्येतून दुसऱ्या वर्गसंख्येची ६१ पट वजा केली तर १ उरावा. बाराव्या शतकात त्यांनी चक्रवाल पद्धतीने याचं उत्तर काढलं: १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८० यांचे वर्ग. फर्माने हाच प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांपुढे ठेवला तो १६५७ साली. सेजमॅथने दोन्ही वर्ग पूर्ण अंकांत मांडले आणि वजाबाकी बरोबर १ आली. साधा कॅल्क्युलेटर इतके अंक पूर्ण दाखवतच नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सेजमॅथ ब्राउझरमधूनही वापरता येतं. येतं, पण इंटरनेट असेल तेव्हा. एसटीने घरी परतलेल्या मुलाला रात्री सराव करायचा असतो, तेव्हा रेंज असेलच असं नाही. स्वतःच्या संगणकावर बसलेलं सॉफ्टवेअर त्याच्या हक्काचं असतं.

आमच्या तालुक्याला गणित परकं नाही. नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात कोरलेले अंक देशातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत गणले जातात. खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे आणि विज्ञान दिनाला आमची मुलं ती पाहायला जातात. त्या मुलांना घरी बसून गणिताचं खरं अवजार हाताळता यावं, ही मागणी जास्त नाही.

म्हणून तिघांना सांगायचं आहे. विद्यापीठांनी अभ्यासक्रमात सॉफ्टवेअर नेमण्याआधी ते ग्रामीण महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत चालवून पाहावं आणि इन्स्टॉलर, इमेज, मराठी सूचना असं सगळं पेन ड्राइव्हवर द्यावं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठीतून दिले आहेत, त्यात कंटेनर बसवण्याच्या धड्यांचीही भर पडावी. आणि गणिताच्या शिक्षकांनो, सॉफ्टवेअर अडलं की ‘आपल्याकडे चालत नाही’ म्हणून सोडून देऊ नका. संगणक कोणता, मेमरी किती, विंडोज कोणतं, कोणत्या पायरीवर काय संदेश आला, हे लिहून ते बनवणाऱ्यांना कळवा. मोफत सॉफ्टवेअर अशा कळवण्यावरच सुधारतं. पुढच्या सुट्टीत प्रयोगशाळेचं कुलूप उघडा, चार विद्यार्थी सोबत घ्या आणि कामाला लागा.