'ऑर्डर कन्फर्म' आधी, पेमेंट नंतर?

वेबसाइट बनवून घेताना आपण रंग बदलायला लावतो, लोगो मोठा करा म्हणतो. पण एक प्रश्न राहूनच जातो: "पेमेंटचं उत्तर यायच्या आधी पान काय करतं?" माझं स्पष्ट मत आहे, कोडिंग येत नसलं तरी डेव्हलपरला शेवटचा हप्ता देण्याआधी हे विचारायचंच.

का, ते सांगतो. पानावरचं जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करतं. सर्व्हरला काही विचारायचं असलं की ते विनंती पाठवतं आणि उत्तरासाठी न थांबता पुढची ओळ चालवायला घेतं. उत्तर आलं की ते रांगेत उभं राहतं, हातातलं काम संपल्यावर त्याचा नंबर लागतो. हे बरंच आहे, नाहीतर दरवेळी पान गोठून बसलं असतं.

पण समजा, पहिल्या ओळीत पेमेंट तपासायची विनंती आहे आणि दुसऱ्या ओळीत 'ऑर्डर कन्फर्म' हा मेसेज. वाचताना क्रम बरोबर वाटतो ना? प्रत्यक्षात मेसेज आधी दिसतो, उत्तर नंतर येतं. ते 'फेल' आलं तर? गिऱ्हाईक स्क्रीनशॉट काढून मोकळं, आणि भांडण तुमच्याशी! दोन विनंत्या असल्या तर आणखी भानगड. गिऱ्हाईकाने पिनकोड चुकवला, मग सुधारला. जुन्या पिनकोडचं उत्तर उशिरा आलं तर डिलिव्हरी चार्ज जुनाच दिसत राहतो.

काही जण यावर 'तीन सेकंद थांब' असा जुगाड करतात. मला तो अजिबात पटत नाही. गावाकडच्या नेटवर उत्तराला दहा सेकंदही लागतात. 2017 पासून भाषेतच 'अवेट' आहे. त्याने त्या फंक्शनची पुढची ओळ उत्तर येईपर्यंत थांबते, बाकी पान चालू राहतं.

तेवढंही पुरत नाही हं. गिऱ्हाईकाने मध्येच टॅब बंद केला तर? म्हणून माल पाठवायचा निर्णय पानावर नको, सर्व्हरवर हवा. पेमेंट गेटवे तुमच्या सर्व्हरला थेट निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो आला, खरा आहे हे तपासलं, मगच पॅकिंग.

"माझ्याकडे तर बरोबर चालतंय," असं उत्तर मिळेल. त्याच्याकडे वायफाय फास्ट असतं, मधला गोंधळ डोळ्याला दिसतच नाही. क्रोममध्ये एफ12 दाबा, नेटवर्क टॅबमध्ये स्पीड 3जी करा, गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये मुद्दाम पेमेंट फेल करा आणि पानावर काय दिसतं ते त्याच्यासमोरच बघा.