समारंभाचे दिवस आणि संध्याकाळचे डाव

(एक पालक, वडोदरा)

शाळेच्या वार्षिक अंकात पालकांनीही चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. पालकांचे लिखाण बहुधा उपदेशपर असते आणि मुले ते वाचीत नाहीत, हे आम्ही जाणून आहोत. म्हणून मुलांशी न बोलता मुलांच्या वडिलांशी बोलावे, आणि मुलांनी ते हवे तर चोरून वाचावे, असा बेत आम्ही केला आहे. विषय अगदी घरगुती आहे. घरातील समारंभ आणि घरातील खेळ या दोहोंपैकी बापाने आपला वेळ आणि आपला जीव अधिक कशात घालावा, याविषयी आमचे एक मत बनले आहे. ते काहीसे एकांगी वाटण्याचा संभव आहे; परंतु मत म्हटले की थोडी एक बाजू घ्यावीच लागते.

मूल जन्मास आले की बापाच्या मागे समारंभांची रांग लागते. बाराव्या दिवशी बारसे, काही महिन्यांनी उष्टावण, पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण, कोणाकडे जावळ, कोणाकडे मुंज. पुढे शाळेचा पहिला दिवस, दहावीचा निकाल, साखरपुडा, लग्न. तेवढ्यात बापाची स्वतःची साठी येऊन ठेपते, आणि आयुष्याची दोरी बळकट असली तर सहस्रचंद्रदर्शनही घडते. वर्षाला बारा, क्वचित तेरा पौर्णिमा, या हिशेबाने एक हजार पौर्णिमा पुऱ्या होण्यास ८० वर्षे उलटून जावी लागतात. इतक्या चिकाटीने चंद्र मोजणाऱ्या आपल्या पूर्वजांविषयी आम्हांस आदरच वाटतो.

आम्ही समारंभांचे वैरी नव्हे. वडोदऱ्यासारख्या शहरात तर त्यांची गरज अधिक आहे. दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात एकाच वाड्यात चार-चार मराठी बिऱ्हाडे नांदत, तो काळ मागे पडला. आता एक भाऊ मांजलपुरात, दुसरा अलकापुरीच्या बाजूस आणि बहीण पुण्यास, अशी पांगापांग झाली आहे. बारशा-मुंजीच्या निमित्तानेच आत्या, मावश्या आणि चुलत भावंडे एका पंगतीस बसतात. तेवढ्यापुरते समारंभाचे मोल आम्ही मान्य करतो. परंतु समारंभाचा थाट हल्ली असा वाढला आहे की, ज्याच्यासाठी तो मांडला तो बालक कोठे आहे, याचीच कोणाला शुद्ध नसते. बारशाचा मानकरी तर बहुधा झोपलेला असतो. उष्टावणाचा मानकरी रडत असतो, कारण त्याला टोचणारे जरीचे कपडे घातलेले असतात आणि भोवती दहा-वीस मोबाइल उगारलेले असतात. बाप मात्र मांडववाला, आचारी आणि छायाचित्रकार यांच्यात धावत असतो. त्या दिवशी आपल्या मुलाशी त्याचे एक वाक्यसुद्धा होत नाही.

आता एक साधे गणित पाहू. मूल जन्मल्यापासून सोळा वर्षांचे होईपर्यंत, चार लीप वर्षे धरून, ५८४४ दिवस होतात. त्यांत वाढदिवस मिळवून समारंभाचे दिवस मोठ्या मनाने मोजले, तरी चाळीसच्या पुढे जाणे कठीण. बाकी उरतात ५८०० हून अधिक दिवस, ज्या दिवशी घरात काहीही ‘झाले’ नाही. आमचे म्हणणे एवढेच की, बाप हा पदार्थ मुलाला कळतो तो या दिवसांत. त्या चाळीस दिवसांची छायाचित्रे निघतात, अल्बम भरतात. या ५८०० दिवसांचे काहीच निघत नाही, म्हणून ते फुकट गेलेसे वाटतात इतकेच.

या संदर्भात आपल्याच शहराशी संबंध असलेली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आचार्य विनोबा भावे यांचे वडील नरहरराव हे वडोदऱ्यास नोकरीला होते आणि लहानपणी विनोबा कोकणात गागोद्यास आईपाशी राहत. दिवाळीला वडील घरी यावयाचे. ते मिठाई आणतील, असे आईने मुलाला सांगून ठेवले होते. वडील आले, मुलगा धावत गेला, हाती पुडके पडले. पाहतो तो लाडवांची वा पेढ्यांची गोलाई त्यात नाही. पुडके चपटे आहे. उघडल्यावर आतून मुलांसाठी लिहिलेली रामायण आणि महाभारत ही दोन पुस्तके निघाली. आईच्या डोळ्यांत पाणी आले, आणि याहून चांगली मिठाई असूच शकत नाही, असे ती म्हणाली. ही आठवण विनोबांनी स्वतः सांगितली आहे. पुढे भावे कुटुंब वडोदऱ्यास आले आणि हाच मुलगा येथील मध्यवर्ती ग्रंथालयातील पुस्तके वाचीत वाढला. नरहरराव शिस्तीचे कडक होते, लाड करणारे नव्हते. पण सणाच्या एका दिवसाची भेट त्यांनी अशी निवडली की, ती पुढे कित्येक संध्याकाळी पुरावी. पेढे दुसऱ्या दिवशी संपले असते.

अर्थात प्रत्येक घरात विनोबा जन्मत नाहीत आणि प्रत्येक बापाला पुस्तकांची निवड साधत नाही. त्यासाठी पत्ते आहेत.

पत्ते हा शब्द उच्चारताच काही सज्जनांच्या कपाळाला आठ्या पडतील. जुगाराचे पत्ते वेगळे आणि घरातले वेगळे, हे त्यांना सांगण्यात आम्ही वेळ दवडीत नाही. बदामसात घ्या. बदामाची सत्ती ज्याच्याकडे त्याने सुरुवात करावयाची, आणि आपल्या हातातली अडवणूक करणारी सत्ती किती वेळ दाबून धरावी, याचा विचार सहा वर्षांचे मूलही पोक्त मुत्सद्द्यासारखा करू लागते. पाच-तीन-दोन हा तर आमच्या मते संसाराचाच नमुना आहे. तिघे खेळणारे, तीस पाने, प्रत्येकाला दहा. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करावयाचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. आणि ज्याचे हात कमी पडतील त्याचे देणे पुढील डावात वसूल व्हावयाचे. आमच्या घरी धाकटी सहावीत आहे. गेल्या डावातील दोन हातांची वसुली म्हणून ती आमच्या हातातून पान ओढते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा भाव एखाद्या कडक सावकाराला शोभावा असा असतो. घरात बापाकडून हक्काने काही वसूल करण्याची ही एकच जागा तिला आहे, आणि ती असली पाहिजे. जो बाप मुलांशी कधी हरला नाही, त्याच्याशी मुले मोठेपणी मोकळेपणाने बोलत नाहीत, असे आमचे निरीक्षण आहे.

बुद्धिबळाचेही तसेच. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही कन्या बुद्धिबळपटू झाल्या. १९७४ साली भारतातील महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली आणि १९८१ साली रोहिणी आशियाची विजेती झाली. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक आणला, तेव्हा शेजारच्या दोन घरांत पट खरेदी झाल्याचे आम्ही पाहिले. छान झाले. मात्र आमचा मुद्दा चषकांचा नव्हे. आमच्या घरातील पटावर आजवर एकही चषक आलेला नाही, आणि उंट नेहमी हरवलेला असल्यामुळे त्याच्या जागी बाटलीचे झाकण ठेवावे लागते. तरीही डाव होतो.

आता ज्याच्यासाठी आम्ही मुख्यतः लेखणी हाती घेतली, त्या विषयाकडे वळतो. आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे आहोत. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा गुजरातीच्या बरोबरीने मराठी शाळाही येथे नांदत होत्या. आज मराठी माध्यमाच्या वर्गांत बाके कशी रिकामी होत आहेत, हे या अंकाच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. शाळा भाषा शिकवील. परंतु शिकलेली भाषा वापरावयाची कोठे? रस्त्यावर गुजराती, दूरदर्शन संचावर हिंदी, मोबाइलवर इंग्रजी. राहिले घर. आणि घरात तरी बाप मुलाशी काय बोलतो? “जेवलास का? अभ्यास झाला का? दिवा मालव.” एवढ्या तीन वाक्यांवर कोणतीही भाषा जगत नाही.

खेळात मात्र भाषा आपोआप सैल सुटते. भांडावयाचे, चिडवावयाचे, फसवावयाचे आणि समजूत घालावयाची म्हणजे शब्द लागतातच. भेंड्या लावून पाहा. गाण्यांच्या लावा, कवितांच्या लावा, नाहीतर गावांच्या नावांच्या लावा. शेवटी ‘ण’ किंवा ‘ळ’ आला की सगळे अडतात, कारण या अक्षरांनी आरंभ होणारा शब्द आपल्या भाषेत सापडत नाही. मग ‘ण’चा ‘न’ करावा आणि ‘ळ’चा ‘ल’, असा तह होतो. या एका तहासाठी आमच्या घरात जेवढा वाद झाला, तेवढा व्याकरणाच्या तासाला खचित झाला नसेल. पण त्या वादात ‘ळ’ हे अक्षर मुलांच्या जिभेवर पक्के बसले. नवरात्रात येथील गरबा आपल्या मुली मनमुराद खेळतात आणि खेळाव्याच. २०२३ साली युनेस्कोने त्याचा मान केला, तो आपलाही मान आहे. त्याच दिवसांत एखाद्या संध्याकाळी पाटावर हत्ती काढून भोंडला धरावा आणि झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखावयास लावावी. खमंग काकडी, मटकीची उसळ, सांज्याची वडी, अशी पदार्थांची नावे मुली एका दमात सांगू लागतात. खिरापत ओळखणारीला ती आधी मिळत नाही, हा अन्याय मात्र आमच्या मते दूर व्हावा.

यावर पुष्कळ वडील म्हणतील, आम्हांस वेळ कोठे आहे? प्रश्न रास्त आहे. तेलशुद्धीकरणाच्या किंवा खताच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणाऱ्यास रोजची संध्याकाळ मिळत नाही. त्याने रविवार धरावा. १८७९ साली महाराजांनी केलेली कमाटी बाग अजून हिरवी आहे, आणि तेथील संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. मुलाचा हात धरून त्याच्या बाजूने पावले मोजीत चालावे. बापाची पावले किती भरतात आणि मुलाची किती, एवढ्या हिशेबात अर्धा तास आनंदाने जातो आणि त्याला मांडववाला लागत नाही.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती यंदा आमच्याही दारात उभी आहे. थोरला दहावीला आहे. दहावी हाही हल्ली समारंभच झाला आहे. फरक इतकाच की त्याची तयारी वर्षभर चालते. जूनपासूनच हितचिंतक विचारू लागले की, “पत्ते बंद केलेत ना? पतंग नाही ना यंदा?” आम्ही दोन्ही बंद केलेले नाहीत, हे ऐकून एका स्नेह्यांना आमच्या पितृत्वाविषयीच शंका आली. त्यांचा युक्तिवाद असा की, रोज एक तास वाचला तर तेवढा अभ्यास अधिक होईल. आमचा अनुभव असा की, सकाळी सहापासून पुस्तकांत बुडालेल्या मुलाचा रात्री नऊनंतरचा तास अभ्यासाला जात नाही. घरातला डाव मोडला की मुलगा खोलीत जातो, दार लोटतो आणि मोबाइल उघडतो. म्हणजे खेळ बंद होत नाही, फक्त त्या खेळातून आई, बाप, आजी आणि बहीण वजा होतात. ज्या वर्षी मुलाला घरच्यांची सोबत सर्वांत अधिक हवी, त्याच वर्षी आपण त्याला एकटे पाडतो आणि त्याला त्याग असे नाव देतो. हे आम्हांस मुळीच पटत नाही.

म्हणून आमच्या घरी नऊ ते दहा हा तास कायम आहे आणि १४ जानेवारीही कायम आहे. उत्तरायणाच्या आदल्या रात्री पतंगांना किन्ना बांधण्याचे काम बाप-लेकांनी मिळून करावयाचे असते. दोरा किती तणाने ठेवावा, यावर दरवर्षी मतभेद होतो. आमची मुले पतंग ‘उडवीत’ नाहीत, ‘चगवतात’. हा शब्द गुजरातीकडून आला, तो आम्ही आनंदाने ठेवून घेतला आहे. फिरकी धाकटीकडे असते. मांजा साधा सुती घ्यावयाचा. नायलॉनच्या दोऱ्यावर २०१७ पासून बंदी आहे, आणि बंदी नसती तरी पाखरांचे पंख आणि वाटसरूंचे गळे कापून मिळवलेल्या विजयात काय गोडी? दुपारी गच्चीवरच उंधियू आणि जिलबी. शेजारच्या गच्चीवरील पटेलकाका थोरल्याला ओरडून विचारतात, “बोर्डाचे वर्ष ना रे?” आणि तेवढ्यात त्याचा पतंग कापून टाकतात.

निकाल जूनच्या आत लागेल. तो कसाही लागला तरी त्या दिवशी पेढे वाटण्याचा आग्रह आजी सोडणार नाही, हे आम्ही धरून चाललो आहोत. तूर्त घरात दुसराच प्रश्न पेटला आहे. ‘ळ’चा ‘ल’ करण्याचा तह धाकटीने एकतर्फी मोडला असून, ‘ळ’ आणणाऱ्यानेच एक गाणे दंड म्हणून म्हणावे, असा नवा कायदा तिने मांडला आहे. आजीचा त्याला पाठिंबा आहे, थोरल्याचा विरोध आहे. इतर घरांत या अक्षराची काय व्यवस्था लावतात, ते वाचकांनी संपादकांकडे अवश्य कळवावे.