निकाल आधी, तपास मागाहून

28 जून 2018 ला भर दुपारी, पावसाळी हवेत, घाटकोपरमध्ये बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीच्या आवारात छोटं विमान कोसळलं. किंग एअर सी-90 जातीचं हे दोन इंजिनांचं विमान दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी जुहूहून उडालं होतं. आतले चौघे आणि खालून जाणारा एक पादचारी मृत्युमुखी पडले. दिवस मावळायच्या आत लोकांनी दोन निकाल देऊन टाकले. पहिला असा की वैमानिकाने दाट वस्ती टाळून, स्वतःचा जीव देऊन शेकडो लोकांना वाचवलं. एका माजी हवाई वाहतूक मंत्र्यांनीही त्याच दिवशी तशी जाहीर सलामी दिली. दुसरा असा की कंपनीने खराब हवेत जुनं विमान उडवायला लावलं आणि माणसं मारली. हे सगळं सुरू झालं तेव्हा ढिगारा अजून धुमसत होता.

पुढे विमान अपघात तपास विभागाचा, म्हणजे एएआयबीचा, अहवाल आला. विमान स्टॉल झालं होतं, म्हणजे पंखांना उचल मिळेनाशी होऊन ते कोसळलं, असं त्यात आहे. खराब होत गेलेली हवा, उपकरणांवरून उडताना एकदम डोळ्यांवर विसंबावं लागणं, दोन इंजिनांच्या ताकदीतल्या फरकामुळे अचानक आलेला कल आणि यातून वैमानिकांना झालेला दिशाभ्रम, अशी ती साखळी आहे. इतक्या कमी उंचीवर स्टॉल झालेलं विमान कुठे पडावं हे कुणी ठरवू शकत नाही. म्हणजे पहिली गोष्ट टिकत नाही. आणि एकट्या कंपनीला सुळावर चढवणारी दुसरी गोष्टही ही साखळी उलगडत नाही.

दिशाभ्रम म्हटलं की लोकांना वाटतं, वैमानिक कच्चा होता. तसं नाही. आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नलिका असतात. वळण सुरू झालं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळल्याचं कळतं. पण वळण फार सावकाश असेल तर कळतच नाही, आणि एकसारखं चालू राहिलं तर काही सेकंदांत तो द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो. मग वळत असलेलं विमान सरळ चाललंय असं सगळं शरीर ग्वाही देतं. बाहेर ढग असेल तर डोळेही मदतीला येत नाहीत. 1999 मध्ये जॉन केनेडी धाकटे यांचं विमान रात्री समुद्रावर कोसळलं, तेव्हा लोक केनेडी घराण्याच्या शापाबद्दल बोलत राहिले. अमेरिकेच्या तपास मंडळाने पुढच्या वर्षी कारण दिलं ते हेच, दिशाभ्रम. शापाच्या गप्पांतून एकाही वैमानिकाला काही शिकता आलं नसतं.

‘प्रश्न विचारायचा हक्क आम्हाला आहे,’ असं उत्तर यावर मिळतं. हक्क आहेच. पण प्रश्न विचारणारा उत्तरासाठी थांबतो. इथे प्रश्नचिन्हाच्या आड आरोपपत्र असतं. त्याने तपासही बिघडतो. छोट्या विमानांत बऱ्याचदा ब्लॅक बॉक्स नसतो. मग तपासनीस पंख्याची पाती कशी वाकली आहेत ते पाहून आदळताना इंजिन ताकद देत होतं का ते ठरवतात. इशाऱ्याच्या दिव्यातली तार ताणली गेली आहे का, यावरून तो दिवा त्या क्षणी पेटलेला होता का ते शोधतात. अशा कामात प्रत्यक्षदर्शी माणूस मोलाचा असतो, पण चार वाहिन्यांवर ‘विमान हवेतच पेटलं’ असं ऐकल्यावर त्यालाही ज्वाळा आठवू लागतात. ज्या मेकॅनिकने शेवटचा हात लावला तोही, गल्लीत आपल्याला खुनी म्हणताहेत हे कळल्यावर, तोंड उघडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ‘गप्प बसलो तर प्रकरण दाबून टाकतील.’ ही भीती खोटी नाही. आपल्याकडे अहवाल रेंगाळतात, आणि आले तरी संकेतस्थळाच्या कोपऱ्यात पडून राहतात. पण म्हणूनच पहिल्या दोन दिवसांचा संताप वाया जातो याचा मला राग येतो. अहवाल येतो तेव्हा तो वाचायला कुणी उरलेलं नसतं. दाबून टाकणाऱ्यांना याहून सोयीचं काय असणार?

अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं नव्हे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात तसं लिहिलं आहे आणि आपले 2017 चे नियमही तेच म्हणतात. यात कुणाला माफी नाही. गुन्हा असेल तर पोलीस आणि न्यायालय आहेतच, त्यांचं काम त्यांनी वेगळं करावं. पण कोंडलेला आवाज वापरायचा असेल तर तो इथे वापरा: प्राथमिक अहवाल 30 दिवसांत आला का? अंतिम अहवाल वर्षभरात निघाला नसेल तर कुणामुळे? त्यातल्या कोणत्या शिफारशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अमलात आणल्या? दुरुस्तीनंतरची चाचणी दाट वस्तीवरून का व्हावी? हे प्रश्न आमदार-खासदारांना विचारा, माहिती अधिकारात विचारा, वर्षश्राद्धाच्या बातमीत विचारा. त्या पादचाऱ्याच्या घरच्यांना इतकं तरी आपल्याकडून मिळायला हवं.