बिअर शेठची, गुन्हा कोणाच्या नावावर?

परवा पवनानगरकडच्या एका बंगल्यावर कामाला असलेला ओळखीचा पोरगा भेटला. म्हणाला, "दादा, शनिवारी पाहुण्यांनी घरी बनवलेली बिअर आणली होती. मोठ्या केगमधनं छोट्या केगमध्ये काढायला मला लावलं. स्टोअररूममध्ये, दार लावून. सिलेंडर फुसफुस करत होता. डोकं गरगरायला लागलं तसा बाहेर पळालो."

"डॉक्टरकडे गेलास?"

"शेठ म्हणले, कुठं बोलू नको, केस होईल."

या शेवटच्या वाक्यासाठी ही पोस्ट.

गॅसवाली बिअर म्हणजे आपला गोटी सोडाच. उघडी ओतली की निम्म्याचा फेस. म्हणून रिकाम्या केगमध्ये आधी कार्बन डायऑक्साइड भरतात, दोन्हीकडचा दाब सारखा करतात, नळी जोडतात आणि भरणाऱ्या केगमधला गॅस हळूहळू बाहेर सोडत राहतात. तो गॅस जातो कुठे? त्याच खोलीत. हवेपेक्षा दीडपट जड, डोळ्याला दिसत नाही. हवेत ४ टक्के झाला तरी जिवाला धोका. ५ किलोचं सिलेंडर गळलं तर अडीच हजार लिटरपेक्षा जास्त गॅस निघतो. छोट्या बंद खोलीत एवढा पुरे. हेच काम पडवीत, मोकळ्या हवेत केलं असतं तर काही झालं नसतं. पण बाहेर केलं तर लोक बघतील ना!

आता कायदा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा. विनापरवाना दारू बनवणं हा कलम ६५ खाली गुन्हा. त्यासाठीची भांडी-साहित्य जवळ बाळगणं हासुद्धा. म्हणजे ओढ्याकाठची हातभट्टी आणि बंगल्यातला १९ लिटरचा केग, कागदावर दोन्ही एकच. प्रत्यक्षात? आपल्याकडे भट्टीवर धाड पडल्याची बातमी मी नेहमी करतो. बंगल्यातल्या केगची एकदाही केलेली नाही. आणि उद्या धाड पडलीच, तर शेठ मुंबईला पोचलेले असतील. जागेवर सापडेल तो हा पोरगा.

माझं मत सरळ आहे. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा बदलून घरच्यापुरती बिअर बनवायला मोकळीक दिली, वर्षाची मर्यादा घालून. इंग्लंडने १९६३ मध्येच परवान्याची अट काढली. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी परवान्यावर चालते. मग घरगुती बिअरलाही नोंदणी, लिटरची मर्यादा आणि विक्रीला बंदी, असा नियम करायला काय हरकत आहे?

"मग हातभट्टीलाही रान मोकळं होईल," असं कोणी म्हणेल. नाही होणार. गाळलेली दारू बंदच राहू दे. २०१५ ला मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलने. बिअर आंबवतात, गाळत नाहीत. दोन्हींत फरक आहे, तो कायद्यातही दिसू दे.

तोवर बंगलेवाल्यांना एकच सांगणं. हौस तुमची आहे, तर केगही तुम्हीच भरा. दारं-खिडक्या उघडून. आणि कामावरच्या पोराला गरगरलं तर आधी दवाखाना गाठा, केसचं नंतर बघू.

मावळातल्या पोरांनो, कोणी बंद खोलीत असलं काम सांगितलं, तर सरळ नाही म्हणा.